पाच क्लास, एक गुरुपौर्णिमा: वर्गणी, पट्टी आणि विद्यार्थी पळण्याची धास्ती

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर मानपाडा ते कासारवडवली या पट्ट्यात तुम्ही पाच जण घरगुती क्लास घेता: तिघे गायनाचे, एक तबल्याचे, एक हार्मोनियमचे. मिळून ७० विद्यार्थी. पहिल्यांदाच सगळ्यांची मिळून एक गुरुपौर्णिमा करायचं घाटतंय. पालकांनी आपापल्या सरांसाठी, ताईंसाठी भेटवस्तूची वर्गणी सुरू केली आहे. ती तुम्हाला खटकते, पण ‘नको’ म्हणणं जड जातंय. त्यात पाचांपैकी एकांना धास्ती आहे की एकत्र आलो की विद्यार्थी इकडचे तिकडे होतील. कार्यक्रम बसवायचा कसा, आणि या दोन गोष्टींचं करायचं काय?

माझ्या मते तिन्हीचं मूळ एकच आहे. आजवर प्रत्येक क्लासचं ऋण त्या क्लासच्या दिवाणखान्यात फिटत होतं. मुलं पाया पडली, पेढे वाटले, पालकांनी पाकीट दिलं, संपलं. पाच क्लास एका मंचावर आले की तेच सगळं शेजारी शेजारी दिसायला लागतं. कोणाच्या ताईंना पैठणी मिळाली, कोणाच्या सरांना नुसतं गुलाबाचं फूल, कोणाची मुलं जास्त तयार. म्हणजे कृतज्ञतेची नकळत मोजणी सुरू होते, आणि मोजणी सुरू झाली की धास्तीही येतेच. म्हणून कार्यक्रमाची रचनाच अशी करायची की प्रत्येक मुलाला दुसऱ्या क्लासच्या कोणाची तरी गरज पडावी. एकदा ते जमलं की भाषणात ‘आपण सगळे एक कुटुंब’ असं म्हणावं लागत नाही.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर ठरतील. कोणाचं घर क्लासच्या फीवरच चालत असेल तर त्यांची धास्ती हलक्यात घेऊ नका. मुलं फार लहान असतील तर पुढचे आकडे आणखी कमी करावे लागतील. पाचांपैकी कोणी गिटार-कीबोर्ड शिकवणारं असतं तर पट्टीचं (कोणत्या स्वराला ‘सा’ धरून गायचं त्याचं) गणित वेगळं झालं असतं. पण तीन गायन, एक तबला, एक हार्मोनियम ही जुळणी पहिल्या वर्षासाठी उत्तम आहे, कारण या तिन्ही विषयांना एकमेकांशिवाय कार्यक्रम उभा करता येत नाही.

आधी तारीख. आषाढ पौर्णिमा बहुतेकदा आठवड्याच्या मधल्या वारी येते. २०२५ मध्ये ती १० जुलैला, गुरुवारी होती; २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक मास असल्यामुळे २९ जुलैला, बुधवारी आहे. त्या दिवशी ज्याने त्याने आपापल्या क्लासमध्ये छोटी पूजा करावी आणि एकत्र कार्यक्रम लगतच्या रविवारी ठेवावा. रविवारचे दोन धोके: मुसळधार पाऊस आणि मेगाब्लॉक (दुरुस्तीसाठी लोकल बंद). साथीदार डोंबिवलीहून किंवा मुलुंडहून तबल्याची पिशवी घेऊन लोकलने येणार असतील तर सकाळचं सत्र बरं. ब्लॉक सुरू व्हायच्या आत ते ठाण्यात पोचलेले असतात. शाळांच्या घटक चाचण्यांचं वेळापत्रकही पाहा. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांची सत्रं एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर अशी असतात, म्हणजे जुलैचा कार्यक्रम बरोबर दोन्हींच्या मध्ये येतो. मुलांना नवीन काही बसवू नका. नोव्हेंबरला ज्या रागाची परीक्षा द्यायची तोच राग इथे गाऊ द्या. तयारीचा बोजा निम्मा होतो.

सभागृहाचं म्हणाल तर ७० मुलं आणि प्रत्येकामागे दोन-तीन माणसं. तुमच्या भागात डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृह आहे, पण त्याचं मुख्य प्रेक्षागृह अशा कार्यक्रमाला फार मोठं पडतं. अर्ध्या रिकाम्या खुर्च्यांसमोर आठ वर्षांचं मूल गायला बसलं की त्याचा आवाज घशातच राहतो. तिथलं मिनी थिएटर, घंटाळीचं सहयोग मंदिर किंवा एखाद्या शाळेचा हॉल जास्त सोयीचा. (नवी मुंबईतले वाचक असतील तर वाशीचं साहित्य मंदिर याच जातीचं.) सोसायटीचं क्लब हाऊस फुकट मिळतं म्हणून घ्यायचं असेल तर आधी तिथे उभं राहून एकदा जोरात टाळी वाजवून बघा. काच आणि फरशी असलेल्या खोलीत टाळी घुमत राहते, आणि त्या घुमण्यात तबल्याचे बोल एकमेकांत मिसळतात. शिवाय निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे आणि रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक बंद, हे सोसायटीचे सचिव तुम्हाला सांगतीलच.

आता वेळेचं गणित, कारण बहुतेक एकत्र कार्यक्रम इथेच कोसळतात. प्रत्येकाला पाच मिनिटं द्यायची म्हटली तर ७० मुलांची ३५० मिनिटं. उठणं-बसणं, माईक सारखा करणं यात दर वेळी दोन मिनिटं, म्हणजे आणखी १४०. एकूण ८ तास १० मिनिटं. हॉल मिळतो चार तासांसाठी.

म्हणून गट पाडावे लागतात. समजा तुमच्याकडे गायनाची ४४ मुलं आहेत. त्यातली प्रारंभिक आणि प्रवेशिका प्रथमची (गांधर्वच्या परीक्षांच्या पहिल्या पायऱ्या; पुढे प्रवेशिका पूर्ण, मध्यमा, विशारद) २४ मुलं आठ-आठच्या तीन गटांत, प्रत्येकी ६ मिनिटं. प्रवेशिका पूर्णची १२ मुलं चार-चारच्या तीन गटांत, तीही ६ मिनिटं. मध्यमाची सहा मुलं एकेकटी, ७ मिनिटं. विशारदच्या दोघांना १२-१२ मिनिटं. हे झाले १४ कार्यक्रम आणि १०२ मिनिटं. तबल्याच्या १६ मुलांपैकी लहान दहा जण पाच-पाचच्या दोन गटांत, ५ मिनिटं प्रत्येकी. मोठ्या सहा जणांचं एकत्र वादन ८ मिनिटं. हार्मोनियमची दहा मुलं: सहांचा एक गट आणि चार जणांच्या दोन जोड्या, प्रत्येकी ६ मिनिटं. सगळं मिळून २० कार्यक्रम, १३८ मिनिटं. बदलाची ४० मिनिटं धरा, पूजा आणि नमस्काराची २० धरा: ३ तास १८ मिनिटं. उरलेल्या ४२ मिनिटांत ध्वनिव्यवस्थेची तपासणी आणि हॉल रिकामा करणं बसवायचं आहे. म्हणजे शिक्षकांच्या स्वतःच्या गायनाला यात जागा नाही. ती पहिल्या वर्षी काढूही नका. पाच जणांनी गायचं तर कोण शेवटी बसणार यावरूनच दोन बैठका जातात.

गट पाडले की काही पालक नाराज होतात, त्यांना आपल्या मुलाचं एकट्याचं हवं असतं. त्यांना एक सवलत देता येते: गटातल्या प्रत्येक मुलाला दोन ओळींची आलापी किंवा एक तान एकट्याने. आठ मुलांच्या गटात एका मुलाला त्रितालाची (१६ मात्रांचा ताल) दोन आवर्तनं दिली आणि लय मिनिटाला १२० मात्रांची ठेवली, तर प्रत्येकी १६ सेकंद, आठांची मिळून दोन मिनिटं. फोटो आणि व्हिडिओला तेवढं पुरतं.

यापुढची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. कार्यक्रमांचा क्रम क्लासनुसार लावू नका, पट्टीनुसार लावा.

क्लासनुसार लावला की आधी अमुक ताईंची मुलं, मग तमुक सरांची, असे पाच ठोकळे होतात. आपला ठोकळा संपला की पालक उठतात, आणि शेवटच्या शिक्षकांची मुलं खुर्च्यांना गाणं ऐकवतात. पट्टीनुसार लावला की गायनाच्या तिन्ही क्लासची मुलं आपोआप मिसळतात, कोणाला लवकर निघता येत नाही आणि तबला वारंवार बदलावा किंवा चढवावा-उतरवावा लागत नाही. शिवाय कोणाला आधी आणि कोणाला नंतर हा वाद पट्टीवर ढकलता येतो, हा फायदा छोटा नाही. लहान मुलं कंटाळतात, म्हणून कार्यक्रमाचे दोन भाग करा. पहिल्या भागात सगळे लहान गट, दुसऱ्यात मोठी मुलं. प्रत्येक भागात क्रम पट्टीचा.

तबल्याचं गणित नीट बघा, कारण यातच पैसे आणि वेळ दोन्ही वाचतात. मुलं आणि मुली बहुधा काळी चार किंवा काळी पाचला (हार्मोनियमच्या सप्तकातली चौथी किंवा पाचवी काळी पट्टी ‘सा’ धरून) गातात, आवाज फुटलेले मुलगे काळी एक किंवा दोनला. प्रत्येक पट्टीसाठी वेगळा तबला आणायची गरज नाही, कारण तबला षड्जाखेरीज (सा) मध्यमात (म) किंवा पंचमातही (प) लावता येतो. काळी एकचा तबला काळी एकच्या गायकाला षड्ज देतो, काळी तीनच्या गायकाला पंचम आणि काळी चारच्या गायिकेला मध्यम. काळी दोनचा तबला काळी चारला पंचम होतो आणि काळी पाचला मध्यम. म्हणजे दोन तबल्यांत पाचही काळ्या पट्ट्या निघतात. अडचण फक्त रागाची. भूपात मध्यम नाही, त्यामुळे काळी चारच्या मुलीने भूप गायला आणि तबला काळी एकचा ठेवला तर वर्ज्य स्वर सतत कानावर आदळतो. तिथे काळी दोनचा तबला घ्यायचा. मालकंसात पंचम वर्ज्य, तिथे उलट. दुर्गात मध्यम-पंचम दोन्ही आहेत, काहीही चालतं. भूप गाणारी मुलगी काळी पाचची असेल तर दोन्ही तबले अडतात; त्या दिवसापुरतं तिला काळी चारला गाऊ द्या, महिनाभर आधी सांगितलं तर ते सहज जमतं. सगळ्यांकडून जूनमध्येच एक तक्ता भरून घ्या: नाव, पट्टी, राग, ताल, लय. ‘लय’चा रकाना सोडू नका.

जुलैत तबला उतरतो. दमट हवेत पुडी (तबल्यावरचं कातडं) ओल धरते आणि स्वर खाली येतो. मग वातानुकूलित हॉलमध्ये आणलं की ती सुकून ताणली जाते आणि स्वर चढतो. घरी लावलेला तबला हॉलमध्ये तसाच राहील अशी आशा ठेवू नये. वाद्यं तासभर आधी हॉलमध्ये आणून पिशवीतून बाहेर काढून ठेवायची आणि मगच लावायची. लहान मुलांच्या गटात पाच तबले एकत्र असतील तर ते एकाच स्वरात आणायला वीस मिनिटं धरा, आणि हे काम मंचावर नको, आतल्या खोलीत. पाचांपैकी एखादा तबला मोठ्या तोंडाचा, ढाल्या (खालच्या) आवाजाचा निघतोच. त्याला गट्टे (बाजूचे लाकडी ठोकळे) ठोकून ठोकून वर चढवू गेलं की पुडी फाटते किंवा वादी (ती ताणणारी चामडी पट्टी) तुटते, आणि मूल रडत बसतं. ज्याचा तबला बसत नाही त्याला त्या दिवसापुरता दुसऱ्याचा द्यायचा, हे आधीच ठरवून ठेवा.

आता कोण कोणाला साथ करणार. तबल्याच्या मोठ्या सहा मुलांनी गायनाच्या लहान गटांना ठेका धरायचा. हार्मोनियमच्या मोठ्या चौघांपैकी दोघांनी तबल्याच्या गटांना लेहरा (तबल्यामागे सतत फिरणारी धून) द्यायचा, दोघांनी गायनाच्या गटांना साथ. गायनाच्या मोठ्या मुलांकडे निवेदन. एक अट मात्र पक्की: साथ शक्यतो आपल्या ओळखीच्या क्लासला नको, दुसऱ्याच्या. अमुक ताईंच्या मुलांना साथ करायला त्या मुलाने दोन रविवार त्यांच्या घरी जावं, तिथे चहा प्यावा, ‘ताई, समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) कसं येऊ’ असं विचारावं. तुम्हाला जी जवळीक हवी आहे ती तिथे तयार होते. कार्यक्रमाच्या दिवशी ती फक्त दिसते.

या साथीत चुकतं ते एकाच ठिकाणी, लयीत. लहान मुलं १२० ला सुरू करतात आणि घाबरून दीडशेला पोचतात. अनुभवी तबलजी त्यांना धरून ठेवतो. विद्यार्थी तबलजी त्यांच्यामागे धावतो. म्हणून तालमीत त्याला मेट्रोनोमवर वाजवायला लावा आणि सांगून ठेवा की मुलं पळाली तरी तू पळू नकोस, सम तुझी आहे. लेहरा देणाऱ्यालाही हेच. किमान दोन तालमी हव्यात. दुसरी शक्यतो प्रत्यक्ष हॉलमध्ये किंवा तेवढ्याच मोठ्या खोलीत. विशारदच्या दोघांना मात्र बाहेरचा अनुभवी तबलजी आणि हार्मोनियमवादक द्या. बडा ख्याल विलंबित एकतालात गाताना विद्यार्थ्याची साथ देणं दोघांवरही अन्याय आहे. बोलावलेल्या साथीदारांचं मानधन आधी विचारून, पाकिटात घालून, मंचामागे, कार्यक्रम संपायच्या आत द्यायचं. ‘सर, नंतर गूगल पे करते’ हे नको. कृतज्ञतेच्या कार्यक्रमात साथीदार ताटकळलेला असणं बरं दिसत नाही.

ध्वनीसाठी सात माईक-वाहिन्या पुरतात: गायनाला दोन (आठ जणांचा गट दोन रांगांत), हार्मोनियमला एक, तबल्याला दोन, तानपुऱ्याला एक, निवेदनाला एक. तानपुऱ्याचं अॅप वापरणार असाल तर फोन माईकला टेकवू नका, तारेने थेट जोडा, चार्जिंग पूर्ण ठेवा आणि फोन विमान-मोडवर टाका. आलापीच्या मधोमध कोणाच्या तरी मावशीचा फोन वाजला की हशा होतो आणि त्या मुलाची बैठक मोडते. मुलांच्या बाजूला एक मॉनिटर (त्यांच्याकडे तोंड केलेला स्पीकर) हवाच. तो नसेल तर मुलं तानपुरा ऐकू शकत नाहीत आणि बेसूर होतात. पालकांना वाटतं ताईंनी नीट शिकवलं नाही.

नमस्काराचं गणितही करून बघा. ७० मुलं, पाच शिक्षक, म्हणजे ३५० नमस्कार. एकाला सहा सेकंद धरले तरी ३५ मिनिटं नुसती रांग. तुमच्याकडे सगळ्याला मिळून २० आहेत. त्याऐवजी पाचही शिक्षकांनी एका ओळीत बसावं, सरस्वतीपूजन एकदाच व्हावं, आणि मुलांनी गटागटाने येऊन पाचांसमोर मिळून एक नमस्कार करून एक-एक फूल ठेवावं. सात गट, प्रत्येकी एक मिनिट. कोणत्या मुलाच्या घरी पाया पडायची पद्धत नसेल तर त्याने हात जोडावेत, त्यावर कोणी काही बोलू नये. पाद्यपूजा ज्यांना हवी त्यांनी ती आपापल्या क्लासमध्ये पौर्णिमेच्या दिवशी करावी; एका मंचावर पाच जणांचे पाय धुणं मला तरी अवघड वाटतं, आणि मंचावर पाणी आणि माईकच्या तारा एकत्र नकोतच.

निवेदनात एक नियम करा. प्रत्येक मोठ्या विद्यार्थ्याच्या परिचयात त्याच्या सगळ्या शिक्षकांची नावं घ्यायची, आधीच्यांसकट. ‘राग दुर्गा, मध्यलय त्रिताल. सुरुवातीचं शिक्षण अमुक ताईंकडे, सध्या तमुक सरांकडे. तबलासाथ अमुक, त्यांचे गुरू तमुक.’ माईक सारखा होईतो हे सांगून होतं, वेगळा वेळ लागत नाही. आधीच्या शिक्षकाचं नाव घेतलं की आत्ताच्या शिक्षकाचा मान कमी होतो, ही समजूत आपल्याकडे उगाच रुजली आहे. ठाण्यातच राहिलेल्या आणि ज्यांच्या नावाने महापालिका संगीत महोत्सव भरवते त्या पं. राम मराठे (१९२४–१९८९) यांच्या गुरूंची नावं बघा: मास्टर कृष्णराव, मिराशीबुवा, विलायत हुसेन खाँ, जगन्नाथबुवा पुरोहित, आणि ही यादी पूर्ण नाही. ती सगळी नावं सांगितल्याने कोणाचंच काही कमी झालं नाही. धास्ती वाटणाऱ्या तुमच्या सहकाऱ्यांना हा नियम सगळ्यात आधी सांगा. त्यांच्याकडून गेलेल्या मुलाच्या तोंडीही त्यांचं नाव येणार आहे, हे कळलं की बराच ताण जातो.

आभारप्रदर्शन शेवटी ठेवू नका. शेवटी सगळे चपला शोधत असतात. लहान गट संपल्यावर एक मिनिट साथीला बसलेल्या मुलांसाठी, दुसऱ्या भागाच्या मध्यात एक मिनिट ध्वनिव्यवस्था आणि हॉलच्या कर्मचाऱ्यांसाठी, विशारदच्या गायनाआधी एक मिनिट साथीदारांसाठी. असं विखुरलं तर लोक ऐकतात.

आता वर्गणी. तुम्ही एकट्याने ‘मला काही नको’ म्हटलंत तर दोन गोष्टी होतात: पालकांना वाटतं ताई औपचारिकपणे म्हणतायत, आणि उरलेले चौघे हावरट ठरतात. म्हणून नकार पाचांनी मिळून, पाचांच्या सहीने, एकाच वेळी सगळ्या ग्रुपवर गेला पाहिजे. मजकूर साधा ठेवा: ‘गुरुपौर्णिमेला कोणत्याही शिक्षकांसाठी वैयक्तिक भेटवस्तू किंवा रोख रक्कम आणू नये, गोळा करू नये. कार्यक्रमाचा खर्च प्रत्येक घरामागे सारखा वाटला आहे. ज्यांना यापेक्षा अधिक द्यायची इच्छा असेल त्यांनी वाद्यनिधीत द्यावं. कोणी किती दिलं हे जाहीर होणार नाही.’ जे पैसे आधीच गोळा झालेत ते परत द्या, किंवा देणाऱ्या प्रत्येकाला विचारून निधीत वळवा. न विचारता वळवले की कुरबुर होते. मुलाने स्वतः काढलेलं चित्र किंवा लिहिलेलं पत्र आणलं तर ते घ्यावं, तिथे नियम दाखवत बसू नये.

घरामागे खर्च वाटायचा याचं कारण भावंडं. ७० मुलं असली तरी घरं समजा ६२ असतील. हॉल, ध्वनी, साथीदार, नाश्ता, फुलं, छपाई मिळून ४३,४०० रुपये आले तर घरटी ७०० पडतात. ज्यांना तेही जड आहे त्यांच्यासाठी कोषाध्यक्षाने एकट्याने निर्णय घ्यावा, कोणाला सांगू नये. कोषाध्यक्ष शिक्षक नको, पालक असावा, आणि हिशेब तपासायला दुसऱ्या क्लासचा पालक. आठ दिवसांत बिलांच्या फोटोंसकट हिशेब ग्रुपवर टाका. संस्था नोंदवण्याच्या भानगडीत पहिल्या वर्षी पडू नका. दोन-तीन वर्षं नीट चाललं आणि पैसे खरोखर साठायला लागले तर सार्वजनिक न्यास म्हणून नोंदणीचं बघता येईल.

वाद्यनिधीचा उपयोग स्पष्ट असू द्या: एक तबलाजोडी आणि एक साधी हार्मोनियम, ज्यांना विकत घेणं जमत नाही अशा मुलांना सहा महिन्यांसाठी वापरायला. वाद्य कोणाच्याही क्लासच्या मालकीचं नाही, नोंदवही कोषाध्यक्षाकडे. ठेवायचं मात्र तबल्याच्या सरांकडेच. पालकाच्या माळ्यावर पावसाळा काढला की पुडीला बुरशी लागते आणि पुढच्या वर्षी निधी पुडी बदलण्यातच जातो. पुढे जमलं तर मिरजेहून तानपुरा आणता येईल. पण तो आणायचा तर जवारी (घोडीवर तार नीट झंकारेल अशी बसवणं) बघू शकणारं कोणीतरी हाताशी हवं, नाहीतर तो शोभेची वस्तू होतो.

जाता जाता पालकांना एक सांगायला हरकत नाही, सौम्य शब्दांत. तीन महिन्यांची फी थकवून गुरुपौर्णिमेला रेशमी शाल आणणारे पालक प्रत्येक क्लासमध्ये असतात. फी महिन्याच्या पहिल्या आठवड्यात देणं, गैरहजेरी आधी कळवणं आणि क्लास सोडायचा असेल तर गायब न होता समोर येऊन सांगणं, या तीन गोष्टी शालीपेक्षा जास्त उपयोगाच्या आहेत.

विद्यार्थी पळण्याबद्दल. मुलं क्लास बदलतात ती बहुतेक वेळ, अंतर आणि फी यांमुळे. घोडबंदरच्या वाहतुकीत दोन सिग्नल कमी लागले तरी पालक बदल करतात. ते तुम्ही थांबवू शकणार नाही. पण एकत्र कार्यक्रमातून संशय वाढू नये म्हणून चार गोष्टी लिहून ठेवा. फलकावर पाचही नावं एकाच आकारात, अकारविल्हे. मंचावरून कोणाच्या क्लासची जाहिरात किंवा फोन नंबर नाही. कार्यक्रमात किंवा नंतर कोणा पालकाने ‘तुमच्याकडे जागा आहे का’ विचारलं तर उत्तर एकच: ‘आधी तुमच्या ताईंशी बोला, मग मला फोन करा.’ आणि मूल खरंच बदललं तर नव्या शिक्षकाने जुन्या शिक्षकाला स्वतः फोन करून त्याचा राग-ताल कुठवर आला आहे हे विचारून घ्यायचं. हा शेवटचा फोन करणं सगळ्यात जड जातं, आणि तोच टाळला जातो. शिवाय मुलांचे व्हिडिओ कोणी आपल्या क्लासच्या जाहिरातीत वापरायचे नाहीत, पालकांची परवानगी असल्याशिवाय तर नाहीच.

एवढं करूनही ते सहकारी तयार नसतील तर जबरदस्ती नको. चौघांनी करा. त्यांच्या विद्यार्थ्यांना परस्पर बोलावू नका, निमंत्रण फक्त त्यांना द्या, घरी जाऊन, पत्रिका हातात. तुमच्यातल्या कोणाकडे त्यांचा जुना विद्यार्थी असेल तर परिचयात त्यांचं नाव नियमाप्रमाणे घ्यायचंच, ते येवोत न येवोत. हॉलचं बुकिंग मात्र त्यांच्या होकारासाठी अडवून ठेवू नका. या मोसमात सगळेच क्लास रविवार शोधत असतात, आणि सकाळची सत्रं आधी संपतात.